वादळ गेलं की खापर वेधशाळेवर! पण चूक नेमकी कुठे होते?

वादळ येऊन गेलं, पत्रे उडाले, झाडं आडवी झाली, कांद्याची चाळ भिजली, की दुसऱ्या दिवशी टीव्हीवर आणि व्हॉट्सअॅपवर एकच प्रश्न फिरतो : हवामान खातं झोपलं होतं का? आणि रेड अलर्ट देऊनही कडक ऊन पडलं, तर त्याच खात्यावर विनोद सुरू होतात. सांगितलं नाही तरी बोलणी, सांगितलं तरी बोलणी.

लोकांचा राग खोटा नसतो, कारण नुकसान खरं असतं. पण राग चुकीच्या दारात गेला, तर जिथे खरी चूक झाली तिथे कोणी बघत नाही आणि पुढच्या वादळातही तेच घडतं. वादळाचा इशारा तयार होण्यापासून ते माणसाने त्यावर हालचाल करेपर्यंत चार ठिकाणी घोळ होऊ शकतो. अंदाजच चुकतो. अंदाज दिला जातो, पण वादळ येत नाही. इशारा निघतो, पण माणसापर्यंत पोचत नाही. किंवा पोचतो, पण कोणी मनावर घेत नाही. हे चारही प्रकार होऊन गेलेले आहेत आणि प्रत्येक वेळी टीकाही झाली आहे.

पहिला घोळ : ‘काळजी करू नका’ म्हणाले आणि रात्री वादळ आलं

हवामान सांगणाऱ्यांवर झालेल्या टीकेचं जगातलं सर्वात गाजलेलं उदाहरण इंग्लंडचं आहे. १५ ऑक्टोबर १९८७ च्या दुपारी बीबीसीच्या टीव्हीवर मायकेल फिश हवामान सांगत होते. हरिकेन येतंय असं ऐकल्याचं एका बाईंनी फोन करून कळवलंय, असं सांगून ते म्हणाले, बघत असाल तर काळजी करू नका, तसं काही येत नाही. वारा जोराचा राहील, पण मुख्य जोर स्पेन आणि फ्रान्सकडे असेल, असंही त्यांनी सांगितलं.

त्याच रात्री दक्षिण इंग्लंडवर वादळ कोसळलं. वाऱ्याचे झोत काही ठिकाणी ताशी १९० किलोमीटरच्या वर गेले. ब्रिटनमध्ये १८ आणि फ्रान्समध्ये ४ माणसं गेली. सुमारे दीड कोटी झाडं पडली. लाखो घरांची वीज गेली. रात्रीची वेळ होती, रस्ते मोकळे होते, म्हणून जीवितहानी एवढ्यावर राहिली. हेच वादळ दिवसा आलं असतं तर आकडा कितीतरी मोठा झाला असता.

सकाळपासून पेपरवाल्यांनी हवामान खात्याला धारेवर धरलं. फिश यांचं ते अर्ध्या मिनिटाचं बोलणं पुढे कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. शास्त्राच्या भाषेत फिश बरोबरच होते. हरिकेन म्हणजे गरम समुद्रावर तयार होणारं चक्रीवादळ, आणि इंग्लंडवर आलेलं वादळ त्या जातीचं नव्हतं. पण ज्याच्या घराचं छप्पर गेलं, त्याला वादळाच्या जातीशी काय देणंघेणं?

मग चुकलं कुठे? गंमत अशी, की त्या आठवड्याच्या शेवटी जोराचं वादळ येऊ शकतं असे संकेत चार-पाच दिवस आधी मिळाले होते. दिवस जवळ आला तसे संगणकाचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनासे झाले. वादळ इंग्लंडला चाटून समुद्रातून पुढे जाईल, असं वाटू लागलं आणि भर वाऱ्याऐवजी पावसावर राहिला. वादळ ज्या समुद्रावर जोर धरत होतं, तिथून येणाऱ्या नोंदीच फार कमी होत्या. नोंदी कमी म्हणजे संगणकाला सुरुवातीचं चित्रच अर्धवट मिळालं.

टीकेनंतर चौकशी झाली. समुद्रावरच्या नोंदी वाढवल्या गेल्या, त्यासाठी जहाजं, विमानं, बोया म्हणजे तरंगती यंत्रं आणि उपग्रह यांचा वापर वाढला. संगणकाची पद्धत सुधारली. लोकांना आणि आपत्ती यंत्रणेला इशारे देण्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय सेवा उभी राहिली. फिश यांची नोकरी मात्र गेली नाही, ते २००४ मध्ये निवृत्त झाले. म्हणजे टीका जिथे लागायला हवी होती तिथे लागली. माणूस बदलून विषय संपवला नाही, पद्धत बदलली.

दुसरा घोळ : इशारा दिला, वादळच आलं नाही

याच्या अगदी उलट प्रकार हंगेरी देशात झाला. २० ऑगस्ट हा त्यांचा राष्ट्रीय सण. राजधानी बुडापेस्टमध्ये नदीकाठी मोठी आतषबाजी होते आणि लाखो लोक जमतात. २०२२ मध्ये हवामान खात्याने त्या संध्याकाळी जोराच्या वादळाचा अंदाज दिला. सरकारने काही तास आधी कार्यक्रम पुढे ढकलला. वादळ आलं, पण शहराला बगल देऊन गेलं. बुडापेस्टमध्ये काहीच झालं नाही.

सरकारधार्जिण्या माध्यमांनी हवामान खात्यावर झोड उठवली. दोन दिवसांत, २२ ऑगस्टला, खात्याच्या प्रमुखांना आणि उपप्रमुखांना पदावरून काढण्यात आलं. त्यांना परत घ्या, अशी मागणी खात्यातल्या सहकाऱ्यांनी केली.

खात्याने इतकी काळजी का घेतली, हे कळायला आणखी सोळा वर्षं मागे जावं लागतं. २००६ मध्ये याच आतषबाजीच्या वेळी अचानक वादळ आलं होतं. त्यात ५ माणसं मेली आणि शेकडो जखमी झाले.

इथे प्रश्न असा पडतो, की चुकीची किंमत कोणती परवडते? कार्यक्रम आठवडाभर पुढे गेला, ही एक किंमत. गर्दीत झाड कोसळून माणसं मेली, ही दुसरी. पहिल्या चुकीसाठी नोकरी जाते असं दिसलं, तर पुढच्या वेळी अंदाज देणारा माणूस इशारा देताना दहा वेळा विचार करणार. आणि तोच उशीर एखाद्या दिवशी जिवावर बेतणार.

याचा अर्थ उठसूट रेड अलर्ट द्यावा असा नाही. ‘लांडगा आला रे आला’ सतत ऐकलं, की खऱ्या वेळी कोणी धावत नाही. हवामान खात्याची कसोटी याच दोन टोकांच्या मध्ये लागते.

तिसरा घोळ : ओखी, निघाला पण न पोचलेला निरोप

आता आपल्या देशातलं उदाहरण. २०१७ च्या नोव्हेंबर अखेरीस श्रीलंकेजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. २९ नोव्हेंबरला त्याची तीव्रता वाढली आणि ३० तारखेच्या सकाळी कन्याकुमारीजवळ त्याचं चक्रीवादळ झालं. त्याचं नाव ओखी. एरवी चक्रीवादळ भर समुद्रात तयार होतं आणि किनाऱ्यावर यायला दोन-चार दिवस घेतं. ओखीने तेवढी सवड दिलीच नाही. ते किनाऱ्याजवळच आणि एका दिवसात वाढलं.

तोवर केरळ आणि तामिळनाडूचे मच्छीमार समुद्रात गेले होते. त्यातले कित्येक जण आठ-आठ, दहा-दहा दिवस खोल समुद्रात राहणारे. शेकडो मच्छीमार मेले किंवा बेपत्ता झाले. किनाऱ्यावरच्या गावांमध्ये आक्रोश झाला, लोक रस्त्यावर उतरले आणि माध्यमांनी विचारलं, इशारा का दिला नाही?

मग सुरू झाली टोलवाटोलवी. समुद्रात जाऊ नका अशी सूचना आम्ही २९ तारखेलाच दिली होती, असं हवामान खात्याचं म्हणणं. चक्रीवादळ येतंय असं आम्हाला स्पष्टपणे ३० तारखेच्या दुपारी कळलं, असं केरळ सरकारचं म्हणणं. कागदावर दोघांकडेही दाखवायला काहीतरी होतं. पण २९ तारखेच्या आधीच जो किनारा सोडून गेला, त्याच्यासाठी या वादाचा काही उपयोग नव्हता. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की मोबाईलची रेंज संपते. सूचना किनाऱ्यावर पडून राहिली आणि बोट वादळात सापडली.

या वादळाचा धागा महाराष्ट्राशीही जोडलेला आहे. वाट चुकलेल्या, भरकटलेल्या ६८ बोटी ९५२ मच्छीमारांना घेऊन सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. त्यातल्या बहुतेक केरळच्या होत्या. आसरा मिळाला म्हणून ते वाचले.

ओखीनंतर जे बदललं ते या तिसऱ्या दुव्याबद्दल होतं. मोबाईलची रेंज नसली तरी उपग्रहावरून थेट बोटीवर इशारा यावा, यासाठी ‘जेमिनी’ नावाचं छोटं यंत्र तयार झालं. ते २०१९ मध्ये सुरू झालं. उपग्रहाकडून आलेला निरोप हे यंत्र ब्लूटूथने तांडेलाच्या मोबाईलवर टाकतं. बंदरावर धोक्याचा बावटा लावला, पण खोल समुद्रातल्या माणसाला तो दिसत नसेल तर काय उपयोग, हे ओखीने शिकवलं.

चौथा घोळ : माहीत होतं, तरीही

मे २०२१. अरबी समुद्रातलं तौक्ते चक्रीवादळ. या वेळी हवामान खात्याने वादळ तयार होण्याआधीपासून इशारे दिले होते आणि मच्छीमारांना परत बोलावलं होतं. १७ मे रोजी वादळ मुंबईजवळच्या समुद्रातून पुढे सरकलं आणि रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं. त्याच दिवशी मुंबईपासून दूर समुद्रात तेलक्षेत्राजवळ उभी असलेली पी-३०५ ही बार्ज बुडाली. कामगारांना राहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या बार्जवर २६१ जण होते. नौदलाने आणि तटरक्षक दलाने बहुतेकांना वाचवलं, तरी ७० हून अधिक कामगारांचा जीव गेला.

इथे वेधशाळेला दोष देता आला नाही. इशारा होता आणि वेळेत होता. प्रश्न एवढाच होता, की इशारा असूनही बार्ज बंदरात का आणली नाही? सरकारने चौकशी समिती नेमली, पोलिसांत गुन्हा दाखल झाला. अंदाज कितीही अचूक असला, तरी निर्णय घेणारा माणूस ‘होईल तेवढं, बघू’ म्हणाला, की सगळं मुसळ केरात.

चारही दुवे घट्ट केले तर काय होतं?

याचं उत्तर ओडिशाने दिलं आहे. १९९९ च्या ऑक्टोबरमधल्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं मेली. त्यानंतर राज्याने किनाऱ्यावर शेकडो निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, भोंगे बसवले. २०१३ मध्ये फायलिन हे जबर चक्रीवादळ त्याच राज्यावर आलं. त्या वेळी सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांची संख्या काही डझनांवर राहिली. वेधशाळेचा अंदाज सुधारला होता, हे खरंच. पण अंदाज आल्यावर कोणी कोणाला उठवायचं, कुठल्या रस्त्याने न्यायचं आणि कुठे ठेवायचं, हेही ठरलेलं होतं.

अंदाज शंभर टक्के का जमत नाही?

अंदाज म्हणजे हिशेब आहे. उपग्रह, रडार, जहाजं, विमानं, फुगे आणि जमिनीवरची केंद्रं यांच्याकडून आलेल्या नोंदी संगणकात टाकायच्या आणि हवा पुढे कशी सरकेल याचं गणित मांडायचं. सुरुवातीच्या नोंदीत बारीकशी तफावत राहिली तरी दिवस वाढतात तशी ती वाढत जाते. म्हणून उद्याचा अंदाज जेवढा पक्का, तेवढा आठव्या दिवसाचा नसतो.

आता एकच गणित थोडा थोडा फरक करून अनेक वेळा सोडवतात. पन्नासपैकी पंचेचाळीस उत्तरं एकच दिशा दाखवत असतील तर खात्री जास्त. उत्तरं विखुरलेली असतील तर खात्री कमी. अंदाजात ‘शक्यता’ हा शब्द येतो तो यामुळे. ती पळवाट नसते.

चक्रीवादळाच्या मार्गाचा २४ तास आधी दिलेला अंदाज आता सरासरी ७५ ते ८० किलोमीटरच्या आसपास चुकतो. पूर्वीपेक्षा ही मोठी सुधारणा आहे. तरी अलिबाग ते श्रीवर्धन हे सरळ रेषेतलं अंतरही साधारण तेवढंच. म्हणजे वादळ अलिबागला येणार म्हटलं, तर श्रीवर्धनकरांनी निर्धास्त झोपून चालत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा वेधशाळेने अलिबागचं नाव घेतलं होतं आणि अंदाज चांगला जमलाही. पण नारळी-पोफळीच्या बागांचं मोठं नुकसान श्रीवर्धन, मुरूडपासून पार रत्नागिरीतल्या मंडणगड, दापोलीपर्यंत झालं.

हंगामाचा अंदाज ही आणखी वेगळी गोष्ट. एप्रिल-मेमध्ये येणारा ‘सरासरीइतका पाऊस’ हा अंदाज चार महिन्यांचा आणि मोठ्या प्रदेशाचा असतो. कोणत्या तालुक्यात कोणत्या आठवड्यात पाऊस ओढ देईल, हे त्यात नसतं. २०१७ च्या जुलैमध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली होती. चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून पेरणी केली आणि पाऊस गायब झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. संताप समजण्यासारखा होता. पण हंगामाच्या अंदाजावर पेरणीची तारीख ठरवता येत नाही, हे शेतकऱ्याला साध्या भाषेत कोणी सांगितलं होतं का, हाही प्रश्न तितकाच मोठा आहे.

बातमीत गळून पडणारे शब्द

टीका करणाऱ्या माध्यमांचाही यात वाटा आहे. खात्याच्या पत्रकात ‘तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ असं असतं. मथळा होतो ‘जिल्ह्यात मुसळधार’. पाऊस पडतो तीन गावांत आणि बाकीची गावं म्हणतात अंदाज फसला. म्हणून हे शब्द नीट वाचायला हवेत :

• तुरळक ठिकाणी : त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव ठिकाणी
• काही ठिकाणी : पाव ते निम्म्या ठिकाणी
• बऱ्याच ठिकाणी : निम्म्या ते पाऊण ठिकाणी
• बहुतांश ठिकाणी : पाऊण भागापेक्षा जास्त

पावसाच्या प्रमाणाचंही माप ठरलेलं आहे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘खूप जोरदार’ आणि २०४.४ मिलिमीटरच्या वर गेला की ‘अतिजोरदार’.

रंगांचा अर्थ असा :

• हिरवा : इशारा नाही
• यलो : लक्ष ठेवा, पुढची माहिती बघत राहा
• ऑरेंज : तयारीत राहा
• रेड : आता हालचाल करा

हा रंग सहसा पूर्ण जिल्ह्याला दिलेला असतो. पुणे जिल्ह्यात मुळशीही येतं आणि बारामतीही. मुळशीच्या घाटात धो-धो पाऊस पडत असताना बारामतीत धूळ उडत असू शकते. म्हणूनच काही जिल्ह्यांत आता घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिला जातो.

गावाने काय करायचं?

• जवळचा अंदाज जास्त पक्का. पाच दिवसांच्या अंदाजावर कामाचा बेत करा, पण काढणी, मळणी किंवा फवारणीच्या दिवशी सकाळी ताजा अंदाज बघाच. पुढच्या तीन तासांसाठीचा तातडीचा इशारा वळवाच्या आणि गारांच्या दिवसांत सर्वात कामाचा.
• अंदाजासाठी ‘मौसम’, शेतीच्या सल्ल्यासाठी ‘मेघदूत’, विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ आणि आपत्तीच्या सूचनांसाठी ‘सचेत’ ही सरकारी अॅप मोफत आहेत.
• व्हॉट्सअॅपवर आलेल्या इशाऱ्यावर तारीख आणि वेळ आहे का, ते आधी बघा. मागच्या वर्षीचा रेड अलर्ट यंदा फिरताना सर्रास दिसतो.
• ऑरेंज आला की ताडपत्री, जनावरांचा गोठा आणि शेतातली मोटार यांची सोय लावा. रेड येईपर्यंत थांबलं तर वेळ हातात राहत नाही.
• ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, जे रानात वस्तीला आहेत, मेंढरं घेऊन फिरत आहेत किंवा ऊसतोडीच्या कोपीत राहतात, त्यांच्यापर्यंत निरोप कोण नेणार, हे ग्रामपंचायतीने आधीच ठरवावं. पोलीस पाटील, कोतवाल, देवळावरचा लाऊडस्पीकर, जे असेल ते.

वादळ येऊन गेल्यावर प्रश्न विचारायलाच हवेत, पण क्रमाने. अंदाज होता का? असेल तर किती वाजता निघाला? तहसील कार्यालयात किती वाजता आला? गावात कोणाला कळला आणि त्यांनी पुढे काय केलं? या चार वेळा कागदावर लिहिल्या, की खोळंबा कुठे झाला ते लगेच दिसतं. तो वेधशाळेत झाला असेल तर वेधशाळेला जाब विचारायचा, तहसीलमध्ये झाला असेल तर तहसीलला. आणि गावातच झाला असेल, तर पुढच्या ग्रामसभेत तो विषय पहिला घ्यायचा.